मधल्या टेबलावरचे डाग

त्या कारखान्यात भांडण मिटवायची जागा एकच. कॅन्टीनचं मधलं टेबल.

म्हणजे तिथं बसून कुणी चर्चा करायचं असं नाही. चर्चेचा काकांना भारी कंटाळा. काका म्हणजे कारखान्याचे मालक. घरातल्यांचे तर ते काका होतेच, पण फाटकावरचा पहारेकरी त्यांच्यापेक्षा वयानं मोठा, तोही त्यांना काकाच म्हणायचा. तर एखाद्या वस्तूवरून दोघांचं वाजलं की काका म्हणायचे, "टेबलावर ठेवा." मग दोन्ही वस्तू मधल्या टेबलावर जायच्या आणि तिथंच पडून राहायच्या. जेवायला येईल त्यानं हवी ती वापरावी. नियम दोनच. ज्यांचं भांडण आहे त्यांनी टेबलाच्या आसपास फिरकायचं नाही, आणि वस्तू कुणी पुसायची नाही. मग काकांच्या मनात येईल त्या दिवशी ते दोन्ही वस्तू खिडकीशी न्यायचे, उजेडात तिरक्या धरायचे, आणि जी जास्त मळली असेल ती जिंकली. पुढं एक शब्द नाही.

"माणूस तोंडानं खोटं बोलतो," काका म्हणायचे, "बोटांनी बोलून दाखवा."

ही रीत पडली कॅल्क्युलेटरपासून. कारखाना नवा होता, आणि बटणं गोल करायची की चौकोनी यावरून दोन कारागीर हमरीतुमरीवर आले होते. दोन्ही नमुने टेबलावर ठेवले. गोल बटणांचा नमुना असा काही मळला की आकडे दिसेनात. काकांनी गोल बटणं घेतली, माल धडाधड खपला, आणि मागची मोठी शेड त्यावर उभी राहिली. तो मळका नमुना अजून काकांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात होता, न पुसता, पोराला शाळेत मिळालेलं पदक ठेवावं तसा. त्यानंतर दारांच्या मुठी, स्टुलं, कॅन्टीनचे कप, सगळं टेबलानं ठरवलं. लोक तर म्हणायचे, काकांनी जावईसुद्धा असाच निवडला. दोन मुलगे सांगून आले होते. काकांनी दोघांना मधल्या टेबलावर चहाला बसवलं आणि ज्याच्या शर्टावर जास्त चहा सांडला तो पसंत केला.

या सगळ्यात हाल व्हायचे ते कॅन्टीनच्या मावशीचे. मावशीचा हात रिकामा असा कुणी कधी पाहिलाच नव्हता, हातात फडकं ठरलेलं. माणूस उठायच्या आत त्याच्यासमोरचं टेबल पुसायची तिची सवय. अन् नेमकं मधल्या टेबलावर पडलेल्या वस्तूला फडकं लावायचं नाही! काही टेबलावर ठेवलं की मावशी आठवडाभर तोंड फुगवून असायची.

तर आता कारखान्यानं छोटा लॅपटॉप काढला होता. छोटा म्हणजे किती, तर शाळेच्या दप्तरात वहीच्या शेजारी बसेल एवढा. अंग झालं होतं, बिजागरी झाली होती, झाकण मिटताना कसा आवाज यावा यावर काकांनी महिनाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. राहिली होती ती सिस्टीम. ऑपरेटिंग सिस्टीम. लॅपटॉपच्या अंगात जीव ओतते ती. झाकण उघडल्यावर समोर काय दिसावं, बटण दाबल्यावर काय व्हावं, सगळं तिच्या हातात. ती नसली की लॅपटॉप म्हणजे महागातलं झाकणाचं तबक.

सिस्टीम दोन होत्या. एक विकतची. मोठ्या कंपनीची, सगळ्या जगाच्या हाताखालून गेलेली. दुसरी घरची. ती बनवली होती वरच्या खोलीनं.

वरची खोली प्रेस खात्याच्या, म्हणजे सुटे भाग दाबून काढणाऱ्या यंत्रांच्या, डोक्यावर होती. खाली प्रेस बसला की वर कपातला चहा हलायचा. तिथं चौघं बसायची. काकांची पुतणी ही त्यांची म्होरकी. काकांचा धाकटा भाऊ लवकर गेला, त्याची ही पोर. काकांच्याच घरात वाढली, पुढं शिकली, बाहेर चांगली नोकरी होती ती सोडून परत आली. बरोबर तिघांना घेऊन आली. एक लांब्या, त्याचं डोकं दाराच्या चौकटीला लागायचं आणि दर वेळी त्याला आश्चर्य वाटायचं. एक अबोल मुलगी, तिला सगळे चष्मा म्हणायचे. आणि एक मास्तर, शाळेतली गणिताची नोकरी सोडून आलेले. तिघं आले ते पुतणीच्या शब्दावर. जगात कुणीही फुकट घेऊन वापरावा असा एक सांगाडा मिळतो, त्यावर या चौघांनी आपली सिस्टीम उभी केली होती.

काकांनी घरची घेतली तर खोली राहणार. विकतची घेतली तर खोलीत खोकी भरणार, तिघांना नमस्कार करून वाटेला लावणार, आणि पुतणी जाणार विक्री खात्यात, जावयाच्या हाताखाली. हे कुणी कागदावर लिहिलं नव्हतं. पण कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, मावशीलासुद्धा.

जावई विकतच्या सिस्टीमच्या बाजूनं. माणूस वाईट नव्हता, फक्त आवाज मोठा.

"काका, मी दुकानात जातो ना," तो केबिनमध्ये सांगत होता, "दुकानदार झाकण उघडतो, आणि पहिला प्रश्न काय विचारतो? हे ओळखीचं आहे का? बास. रंग विचारत नाही, वजन विचारत नाही."

"भाऊजी, ओळखीचं आहे, पण उघडायला किती वेळ घेतं ते सांगा की," पुतणी म्हणाली. "तुमचा दुकानदार तेवढ्यात दाढी करून येईल."

"आणि तुमचं, मेव्हणीबाई, झटकन उघडतं, कबूल. पण उघडल्यावर पुढं काय करायचं ते विचारायला तुम्हाला फोन करायचा का?"

"करा की. तुमचा फोन कधी रिकामा सापडला तर."

काकांनी हात वर केला. "टेबलावर ठेवा."

दोन लॅपटॉप टेबलावर गेले. एकावर हिरवी टिकली, ती घरची. दुसऱ्यावर पिवळी. लोकांनी नुसतं बघून पुढं जाऊ नये म्हणून काकांनी एक काम दोन्हींवर लावून दिलं. उद्या जेवायला कोण आहे आणि कोण नाही हे मावशीला आदल्या दिवशी कळवायचं असायचं. आधी ते ओरडून कळवत, आता लॅपटॉपवर. कुठल्याही. शिवाय गाणी होती आणि पत्त्यांचा खेळ होता.

मग वरच्या खोलीतल्यांचे दिवस कठीण गेले. टेबलाजवळ जायची बंदी, म्हणून चौघं डबा वरच खायची. लांब्या मात्र जिन्याच्या वळणावर उभा राहून खाली मान काढायचा.

"ताई, हिरव्यावर तीन माणसं आहेत!"

"मान आत घे. कुणी बघितलं तर बाद व्हायचो."

"पिवळ्यावर एकच आहे. तोही जांभया देतोय. उघडायची वाट बघतोय बहुतेक."

"लांब्या, आत ये म्हणते ना!"

तो आत आला, चौकटीला डोकं आपटलं, पण चेहरा लग्नघरातल्यासारखा. मास्तर म्हणाले, "तीन असोत की तेरा, निकाल लागेपर्यंत मी काही मानत नाही." तरी त्या दिवशी त्यांनी डब्यातलं गोड सगळ्यांना वाटलं.

निकालाचा दिवस काका कधी आधी सांगत नसत. एकदा दुपारी जेवणं उरकत आली होती, मावशी बाजूची टेबलं पुसत होती, आणि काका उठले. दोन्ही लॅपटॉप बगलेत मारले आणि खिडकीशी गेले. कुणीतरी वर निरोप धाडला, चौघं जिन्यावर येऊन उभी राहिली. जावई हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता.

काकांनी पिवळा तिरका धरला. मळला होता, बेताचा. मग हिरवा धरला. हिरव्यावर ग्रीस होतं, रंग होता, खरकटी बोटं होती, आणि कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा एवढा स्वच्छ होता की पोलिसांना दिला असता तर माणूस सापडला असता.

"हिरवा," काका म्हणाले.

लांब्यानं मास्तरांना उचललं. मास्तर म्हणाले, "अरे ठेव, ठेव, चष्मा पडेल," आणि कुठला चष्मा ते चष्मालाही कळेना. जावयानं येऊन पुतणीचा हात हातात घेतला. "हरलो. पण दुकानदारांना तुम्हीच समजवायचं हां, मेव्हणीबाई."

"आता पुसू का?" मावशीनं विचारलं.

"जिंकलेलं पुसत नाहीत, माहीत नाही का तुला?" काका म्हणाले. "कपाटात जायचंय ते. संध्याकाळपर्यंत पोरीकडं राहू दे. मिरवू दे तिला."

पुतणीनं हिरवा वर आणला आणि खिडकीच्या कट्ट्यावर उघडून ठेवला. बाकीचे तिघं पहिला माल कधी निघेल, खोलीला पंखा मागायचा का, अशा गप्पांत होते. ही आपली लॅपटॉपकडं बघत बसली. कौतुकानंच बघत होती. आपल्या वस्तूवरचा मळसुद्धा गोजिरा दिसतो. हे ग्रीस फिटरचं, हा पिवळा डाग रसरशीत काहीतरी खाऊन आलेल्याचा, हा रंग रंगखात्यातल्या जाड्याचा.

आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की अक्षरांची बटणं तशी स्वच्छ आहेत.

मळ सगळा उजव्या कोपऱ्यात. तिथं 'मागे' लिहिलेलं बटण होतं. चुकीच्या जागी शिरलं की बाहेर यायला ते दाबायचं. त्या बटणावर काळा थर बसला होता आणि थराच्या मधोमध ते घासून चकचकीत झालं होतं. त्याच्या भोवतीनं बोटं वळून वळून आल्याच्या खुणा. जेवण सांगायला माणसाला फार तर दोन-चार बटणं लागावीत. इथं माणूस आत गेला होता, चुकला होता, मागे आला होता, परत आत, परत मागे, आणि असं अख्ख्या कारखान्यानं केलं होतं.

ती उठली, खाली गेली. पिवळा अजून कॅन्टीनमध्ये पडला होता. मावशीचं फडकं त्याच्याकडं निघालंच होतं.

"मावशी, थांबा!"

"आता काय? हरलेलंही पुसायचं नाही? मग मी घरी जाऊ का?"

पुतणीनं पिवळा उजेडात धरला. त्याच्यावर मळ कमी होता. पण होता तो अक्षरांवर, सगळीकडं सारखा. लोकांनी त्याच्यावर काम केलं होतं आणि उठून गेले होते. ज्यांना तो उघडेपर्यंत थांबायचा धीर होता, ते तरी.

ती वर आली आणि तिघांना हिरवा दाखवला. चष्मानं एकदा बघितलं आणि खाली मान घातली. तिला कळलं. मास्तरांनाही कळलं. लांब्या मात्र ऐकेना.

"मग? मळका तो जिंकला. नियम काकांचा आहे, आपला नाही."

"लोक अडकत होते, लांब्या. आपण समजलो, आवडलंय."

"अडकले तरी आलेच ना परत?"

"आले, कारण पलीकडचं उघडत नव्हतं."

"ताई, मी काय म्हणतो, आधी माल जाऊ दे. मग त्या बटणाचं बघू सावकाश. आता तुम्ही बोललात तर आपण चौघंही—" त्यानं दाराकडं हात केला. "आणि मला दुसरीकडं कोण घेणार? मी कुठल्या दारात मावत नाही."

कुणी हसलं नाही. पुतणीनं खाली प्रेसचा दणका ऐकला, कट्ट्यावरचा कप हलला. तिला हा कप हललेला आवडायचा. तरी तिनं लॅपटॉप उचलला.

"मला विचारून जाताय की सांगून?" लांब्या म्हणाला.

"सांगून."

काकांनी केबिनमध्ये कपाट उघडून ठेवलं होतं. कॅल्क्युलेटरच्या शेजारी हिरव्यासाठी जागा करत होते. जावई समोर बसून दुकानदारांना फोन लावत होता आणि फोनमध्ये सांगत होता की घरचं आहे, पण घरच्यासारखंच सोपं आहे.

"काका, हा कपाटात ठेवू नका."

"का? तुझ्याकडं ठेवायचाय?"

तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला, उघडला, आणि त्या बटणावर बोट ठेवलं. मग सगळं सांगितलं. जावयानं फोन बंद केला. काका ऐकत होते आणि त्यांचा चेहरा, झाकणाचा आवाज बरोबर येत नाही तेव्हा व्हायचा तसा होत चालला होता.

"म्हणजे माझं टेबल खोटं?" काका म्हणाले.

"टेबल खोटं नाही. आपण मळ किती ते बघितलं, कुठं ते बघितलं नाही."

"इतकी वर्षं बघतोय मी."

"हो."

"मुठी घेतल्या, स्टुलं घेतली..."

"मुठींचं ठीक आहे, काका. मुठीला एकच काम असतं."

जावयाला राहवेना. "मेव्हणीबाई, एक विचारू? जिंकल्यावर हरायला कुणी येतं का? मी तर दुकानदारांना सांगूनही टाकलं, सोपं आहे म्हणून!"

"म्हणून तर आले. तुम्ही सांगितलंत आणि ते सोपं नाहीये."

काका कपाटाकडं वळले आणि मळका कॅल्क्युलेटर बाहेर काढला. इतक्या वर्षांत तो बाहेर कुणी काढलेला नव्हता. खिडकीशी नेऊन तिरका धरला. पुतणी आणि जावयानं मानेनंच एकमेकांना विचारलं, काय चाललंय. काका आकड्यांकडं बघत नव्हते. एका कडेला लाल बटण होतं, चुकलेला हिशेब खोडून नव्यानं सुरू करायचं. ते नावालासुद्धा लाल राहिलेलं नव्हतं. बाकीच्या सगळ्या बटणांवर मिळून नसेल एवढा थर त्या एकट्यावर होता.

काकांनी एक आकडा दाबायचा प्रयत्न केला. बोट गोल बटणावरून घसरून शेजारच्या बटणावर गेलं.

"तरी खपला," ते म्हणाले.

"खपला," जावई हळूच म्हणाला. "तेव्हा दुसऱ्या कुणाचा नव्हताच बाजारात."

हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर काकांनी त्याला केबिनबाहेर काढलं असतं. जावयाकडं त्यांनी नुसतं बघितलं, आणि कॅल्क्युलेटर परत कपाटात ठेवला. हिरवा ठेवला नाही. त्याची जागा तशीच रिकामी राहिली.

"पहिला माल विकतच्या सिस्टीमवर जाईल," काका म्हणाले.

पुतणीनं मान हलवली. एवढं ठरवूनच ती आली होती.

"वरची खोली खोक्यांना लागेल. माल निघाला की खोकी कुठं ठेवू? डोक्यावर?"

"आणि माणसं?"

काका टेबलाच्या कडेवरची नसलेली धूळ बोटानं काढत राहिले.

"माणसं खाली येऊ देत. कॅन्टीनमध्ये. मधल्या टेबलाशेजारी दोन टेबलं टाकून घे."

"काका, भांडणातल्या माणसांनी टेबलाजवळ—"

"नियम कुणाचा?"

"तुमचा."

"मग मला शिकवू नको. दुसरा माल पावसाळ्यानंतर निघेल. तोवर बसा तिथं आणि बघा माणसं कुठं अडकतात. तोवर जमलं तर जमलं. नाही जमलं तर जावईबापूंच्या हाताखाली जा, आणि त्या तिघांना मी स्वतः बोलावून सांगेन. तुझ्यावर टाकणार नाही."

"ही आली की मी जास्त ओरडणार नाही," जावई म्हणाला.

"तुम्हाला कमी ओरडता येतं?" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वरची खोली रिकामी झाली. मावशीच्या कॅन्टीनमध्ये चार माणसं, चार खुर्च्या आणि वायरींचं जंगल आलं. मावशी म्हणाली, इथं वायर पुसायची की वायरवरून पडायचं ते एकदा सांगा, म्हणजे मी त्या तयारीनं येईन. लांब्यानं दोन दिवस पुतणीशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या दाराची चौकट उंच आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि तो जरा निवळला.

मग ती चौघं बघत बसली. बघणं हे काम फार वाईट. माल चढवणारा एक गडी यायचा, हिरव्याचं झाकण उघडायचा, ते झटकन उघडायचं, आणि गडी बोट हवेत धरून उभा राहायचा. मग आत शिरायचा आणि हरवायचा. लांब्या अर्धा उठायचा, "अहो तिकडं नाही, इकडं—" आणि पुतणी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवायची.

"त्याला सांगून काय उपयोग? लॅपटॉपबरोबर खोक्यात तुला घालून पाठवणार आहोत का आपण?"

"मी मावणार नाही," लांब्या म्हणाला.

हळूहळू दिसायला लागलं. चौघांनी वर बसून सिस्टीमच्या आत सगळं फार नीट लावलं होतं. कपाटात कपाट, कपाटात खण, खणात डबी. प्रत्येक गोष्ट तिच्या जातीच्या गोष्टीत. मास्तरांना त्या मांडणीचा अभिमान होता, ते तिला सुबक म्हणायचे. पण जेवण सांगायला आलेल्या माणसाला जेवण हवं असायचं, जात नव्हे. 'जेवण' होतं 'नोंदी'त, 'नोंदी' 'कार्यालया'त, आणि गडी म्हणायचा मी तर शेडमध्ये काम करतो, कार्यालयाशी माझा काय संबंध? तो तिकडं जायचाच नाही.

मास्तरांनी स्वतःच्या हातानं ती कपाटं मोडली. एकेक खण काढून वर आणून ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. चष्मानं त्यांच्यापुढं डबा सरकवला आणि पहिल्यांदाच एक अख्खं वाक्य बोलली. "सर, मोडलं नाही, उघडून ठेवलंय."

असेच मग दिवस गेले. पिवळ्याचा पहिला माल बाहेर गेला, बरा खपला, लोकांनी तो उघडेपर्यंत दाढ्या केल्या असतील नसतील. पाऊस येऊन गेला. वरच्या खोलीत खोकी भरली, रिकामी झाली, परत भरली. हिरव्यात रोज काहीतरी बदलायचं आणि चौघं रोज बघत बसायची.

आणि एकदा दुपारी फिटर आला. फिटर आणि रंगखात्यातला जाड्या यांचं कशावरून तरी जुंपलं होतं, फाटकापासून भांडत आले होते. फिटर टेबलाशी थांबला. तोंड जाड्याकडं, शिव्या चालू, आणि हातानं झाकण उघडलं, उद्याचं जेवण सांगितलं, झाकण मिटलं आणि पुढं चालायला लागला. लॅपटॉपकडं त्यानं नीट बघितलंसुद्धा नाही. शिवी मध्ये तुटली नाही.

पुतणी खुर्चीत ताठ झाली. लांब्यानं तिच्याकडं बघितलं. मास्तरांनी बघितलं. चष्मा आपली टाइप करत होती, पण तिचे हात थांबले. कॅन्टीनमध्ये कुणाला काही कळलं नाही, कळण्यासारखं काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या मालाच्या आधी काकांनी नेहमीप्रमाणे न सांगता दोन्ही लॅपटॉप उचलले. पिवळा आणि हिरवा, दोन्ही मधल्या काळात नव्यानं ठेवलेले. जावई भिंतीला टेकला, हाताची घडी घातली. काका खिडकीशी गेले. पिवळा धरला. मळला होता. हिरवा धरला. मग आपला चष्मा कपाळावर चढवून परत धरला. चारदोन अक्षरांवर थोडी झाक होती. उजवा कोपरा जसा कारखान्यातून निघाला तसा होता.

"हे तर कोरं आहे," काका म्हणाले.

"कुणी हात लावला नसेल!" जावई म्हणाला.

"हात कसा नाही लावला?" मावशी फडकं हातात घेऊन मध्येच बोलली. "रोजची सगळी जेवणं ह्याच्यातूनच येतात मला, एक-दोन बटणं दाबली की झालं. त्या दुसऱ्यावर नुसते पत्ते खेळतात, त्याला जाग येईपर्यंत कोण थांबतंय उपाशी?"

काकांनी हिरव्याचं झाकण उघडलं. ते झटकन उघडलं. त्यांनी उद्याचं स्वतःचं जेवण सांगितलं. आजवर त्यांना ते कधी सांगावं लागलं नव्हतं, मावशी त्यांचं धरूनच चालायची. सांगून झालं आणि त्यांचं बोट सवयीनं उजव्या कोपऱ्याकडं निघालं, मग काही कारण न सापडून मागे आलं. झाकण मिटलं. आवाज त्यांना हवा तसा आला.

ते पुतणीकडं बघत होते. पुतणी जमिनीकडं बघत होती. लांब्याचा एक हात मास्तरांच्या कमरेपाशी आधीच पोचला होता.

काकांनी हिरवा कपाटासाठी बगलेत मारला नाही. परत मधल्या टेबलावर ठेवला आणि मावशीकडं वळले.

"घे. पूस."

मावशीनं फडकं झटकलं, पुढं आली, वाकून एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं.

"काय पुसू?" ती वैतागून म्हणाली. "डाग कुठाय?"